लाउंज ठेवा कार्डवाल्यांना, आम्हाला दहा रुपयांचा चहा तरी द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय: विमान बदलताना मधे अडकून पडणाऱ्या प्रवाशांचं खाणंपिणं

आपल्या पेपरात विमानाच्या बातम्या नेहमी येतात, अमुक शहराला नवीन विमान सुरू होणार, तमुक बंद पडलं, वेळ बदलली, पुढाऱ्यांनी मंत्र्याला निवेदन दिलं वगैरे, ते सगळं मी वाचतो. पण विमानात बसल्यावर पुढं माणसाचं काय होतं त्यावर कोणी काही लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी परभणीचा. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं, आता पोरगा बघतो, मी गल्ल्यावर बसून पेपर वाचायलो एवढंच. लेक न्यू जर्सीला असते, नातवाच्या बारशाला जाणं झालं नाही म्हणून पहिल्या वाढदिवसाला आम्ही दोघं जाऊन आलो, त्या प्रवासातलं हे.

आधी एक सांगतो. मराठवाड्यातून परदेशात थेट जाणारं रोजचं विमान नाही. संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर गाठायचं आणि तिथून पुढं. नांदेडला छोटी विमानं येतात, लातूरला धावपट्टी आहे पण प्रवासी विमानाचा पत्ता नाही. म्हणजे मुंबईच्या माणसाला लेओव्हर, म्हणजे विमान बदलायला मधे थांबणं, एकदा लागतो नाहीतर लागतही नाही, आम्हाला मात्र दोनदा ठरलेला. एक देशात, एक परदेशात. आणि देशातला जो असतो ना त्याला खरं तर लेओव्हर पण म्हणता येत नाही, तो नुसता मुक्काम असतो, बिनअंथरुणाचा.

आमच्या जावयानं तिकिटं दोन वेगवेगळी काढली होती, एकत्र काढलं तर लई महाग पडायलं होतं. त्याचा अर्थ काय होतो हे मला तिथं गेल्यावर कळलं. संध्याकाळच्या विमानानं उतरलो, सामान पट्ट्यावरून स्वतः उचललं, ढकलगाडी घेऊन दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेलो, आणि पुढचं विमान पहाटे सव्वाचारचं. चेक-इनचा काऊंटर काही इतक्या लवकर उघडत नाही. बॅगा दिल्याशिवाय सिक्युरिटीच्या आत जाता येत नाही. आणि खायची-प्यायची, बसायची, पाय लांब करायची जी काही नामी सोय विमानतळावर असते ती सगळी सिक्युरिटीच्या आत. लाउंज, म्हणजे कार्डवाल्यांची जेवायची-आरामाची खोली, ती आत, खुर्च्या आत, फूड कोर्ट आत. आम्ही चार तास बाहेर. त्या एवढ्या मोठ्या हॉलात बसायच्या खुर्च्या मी मोजल्या, मला दुकानदाराची खोड आहे मोजायची, आमच्या बाजूला एकवीस होत्या आणि माणसं दीडशेच्या खाली नसतील. (विमानतळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. देशातला मोठा आहे एवढं पुरे. सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच आहे असं गावातल्या चार-पाच जणांनी सांगितलं.)

आम्ही एका खांबाला टेकून खाली बसलो. मंडळींनी डबा सोडला. धपाटे, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, दोन कांदे, आणि दशम्या वेगळ्या बांधलेल्या उद्यासाठी. मला आधी जरा लाजल्यासारखं झालं, आजूबाजूला सगळी कोटबीट घातलेली, इंग्रजी बोलणारी माणसं, आणि आम्ही बुक्की मारून कांदा फोडायलो. हिला म्हटलं हळू. ती म्हणाली, "अहो चोरी केलीय का आपण? रेल्वेत खाताव तसं खावा." बरोबर होतं तिचं.

शेजारी एक नऊवारीतल्या बाई होत्या, सत्तरीच्या, एकट्याच. आमचा डबा बघून म्हणाल्या, "कुठलं म्हनायचं गाव? धपाटे हायेत म्हून इचारलं." लातूरकडच्या निघाल्या. ल्योक दुबईला. पहिल्यांदाच चाललेल्या. त्यांना धपाटा दिला तर आधी नको नको म्हणाल्या आणि मग दोन खाल्ले, कारण दुपारपासून पोटात काही नव्हतं. पाणीसुद्धा नाही. मी विचारलं पाणी का नाही प्यालात, तर म्हणाल्या, "बाटली सत्तर रुपयाला म्हनायला त्यो. सत्तर रुपयाचं पानी माज्या घशाखाली उतरतंय व्हय?" पिण्याच्या फुकट पाण्याचा नळ तिथून पन्नास पावलांवर होता, स्वच्छतागृहाच्या बाजूला, पाटी इंग्रजीत आणि हिंदीत, तीसुद्धा अशी की शोधणाऱ्यालाच सापडावी. मी त्यांची बाटली भरून आणली.

आता त्या सत्तर रुपयांच्या बाटलीचं. मी दुकानदार आहे त्यामुळं मी ती बाटली हातात घेऊन एमआरपी बघितली. सत्तरच होती छापलेली. म्हणजे कायदा काही मोडलेला नाही बरं का. १ जानेवारी २०१८ पासून नियम आहे की एकाच पॅकबंद वस्तूवर दोन एमआरपी छापता येत नाहीत, गावात एक आणि विमानतळावर दुसरी असं करता येत नाही. चांगला नियम आहे, आमच्यासारख्यांना दंड झालेत त्यात. पण ह्या लोकांनी त्याच्यावर सोपी युक्ती काढली, वीस रुपयांची बाटली ठेवायचीच नाही. कुठल्या तरी डोंगरातलं पाणी, काळी बाटली, निळी बाटली, असलंच ठेवायचं. वीसची मागितली की "वो नहीं है सर". दुकानात माल काय ठेवायचा हा दुकानदाराचा अधिकार, मी पण तेच म्हटलं असतं. फक्त फरक एवढा की माझ्या दुकानातून माणूस उठून समोरच्या दुकानात जाऊ शकतो.

बारा-साडेबाराला काऊंटर उघडला, बॅगा गेल्या, सिक्युरिटी, इमिग्रेशन, हे सगळं होईस्तोवर दीड वाजला. हिला शुगर आहे. गोळी घेऊन बराच वेळ झालेला, धपाटा एकच खाल्लेला, आणि म्हणायला लागली चक्कर आल्यासारखं होतंय, काहीतरी गरम मिळतंय का बघा. माझ्याकडं क्रेडिट कार्ड होतं. बँकेतल्या पोरानं ते देताना काय काय सांगितलं होतं, काका एअरपोर्टला लाउंज फ्री, जेवण फ्री, फक्त दोन रुपये कटतात. ते दोन रुपये मला पाठ होते. लाउंजपाशी गेलो, रांग लागलेली, रात्री पावणेदोनला रांग! आमचा नंबर आला, त्या मुलानं कार्ड मशीनला लावलं, एकदा, दोनदा, आणि म्हणाला, "सर, एलिजिबल नहीं दिखा रहा. लास्ट क्वार्टर में स्पेंड कम हुआ होगा."

मी म्हटलं म्हणजे काय. तर त्यानं सांगितलं, मुलगा सभ्य होता, त्याचा काही दोष नाही, की आता बऱ्याच बँकांनी अट घातलीय, मागच्या तीन महिन्यांत कार्डावर इतका इतका खर्च केला असेल तरच लाउंज. मी मागच्या तीन महिन्यांत कार्डावर काहीच खर्च केला नव्हता कारण मी परभणीत राहतो आणि मला जे लागतं ते माझ्याच दुकानात मिळतं. बरं, चाललं असतं तरी एकालाच आत, दुसऱ्याचे पैसे वेगळे. पैसे भरून जायचं तर माणशी दीड हजाराच्या वर. आणि तेही विमानाच्या आधी तीन तासांतच, त्याच्या आधी यायचं नाही. म्हणजे ज्याला आठ तास काढायचेत त्याला तीनच तास सोय, बाकी पाच तास त्यानं खांबाला टेकावं.

शेवटी फूड कोर्टात गेलो. दोन चहा आणि एक प्लेट इडली, तीन इडल्या, सातशेच्या वर बिल. इडली गार होती, सांबार मात्र गरम होतं, हिनं सांबारच प्यालं वाटी तोंडाला लावून. परभणीत स्टेशनसमोर तेवढ्यात आमच्या अख्ख्या गल्लीचा नाष्टा झाला असता असं मी म्हणणार होतो पण म्हटलं नाही, कारण तिचा चेहरा बघून बरं वाटलं मला, आणि त्या वेळेला सातशे काय हजार मागितले असते तरी दिले असते. हेच तर आहे. त्यांना माहीत आहे की माणूस देणार.

आता माझा मुद्दा. लोक म्हणतात लाउंज फुकट. फुकट काही नसतं, हे किराणावाल्याशिवाय कोणाला चांगलं माहीत असणार? माझ्या दुकानात स्वाइप मशीन आहे. गिऱ्हाईकानं क्रेडिट कार्ड घासलं की शंभरामागं दीड-दोन रुपये माझ्या खात्यातून कटतात. रुपे डेबिट कार्डाला आणि यूपीआयला २०२० पासून ते कटणं बंद झालं, क्रेडिट कार्डाला चालूच आहे. त्या कटलेल्या पैशातून, कार्डाच्या वार्षिक फीमधून, आणि जे लोक वेळेवर बिल भरत नाहीत त्यांच्या व्याजातून बँक लाउंजवाल्याला माणशी पैसे देते. म्हणजे लाउंजमधला उपमा खाणारा कोणी का असेना, त्यातला एक चमचा माझ्या दुकानातून गेलेला आहे. आणि मलाच दारातून परत पाठवलं! हसू नका, मी त्या रात्री खरंच असा विचार करायलो होतो.

मागं एकदा माझं कार्ड चाललं होतं, दुसऱ्या शहरात, तेव्हा मी आत जाऊन आलोय, त्यामुळं आत काय स्वर्ग आहे असं काही माझं म्हणणं नाही. पंगत उठायच्या आधी मागं माणसं उभी राहतात ना लग्नात, तसं होतं. खुर्ची मिळेना, प्लेटा संपलेल्या, राजमा तळाला लागलेला, एक बाबा बाळाला मांडीवर घेऊन गालिच्यावर बसलेला. कार्डं वाटली लाखांनी आणि लाउंज तेवढाच, मग बँका अटी घालणारच. २०२५ च्या सप्टेंबरात तर ह्या धंद्यातली आपल्या देशातली सगळ्यात मोठी मध्यस्थ कंपनी देशी लाउंजच्या कामातून बाहेरच पडली, आणि कोणतं कार्ड कुठं चालतं हा घोळ आणखी वाढला. मुळात हा प्रकार निघाला तोच मोजक्या लोकांसाठी. जगातला पहिला असा क्लब १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीनं काढला आणि तिथं ज्याला आमंत्रण त्यालाच प्रवेश होता. ऐंशी-नव्वद वर्षांनी आमंत्रणाच्या जागी कार्ड आलं, दारावरचा माणूस तोच.

म्हणून माझी लाउंज मागायची इच्छाच नाही. ज्याला परवडतं त्यानं जावं, झोपावं, शॉवर घ्यावा. माझं म्हणणं लाउंजच्या बाहेरच्या चहाबद्दल आहे.

आमचा एक भाचा सीए आहे, त्याला विचारलं की बाबा हा चहा एवढा महाग का, तिथं काय केशर टाकतात का. त्यानं सांगितलं ते असं, विमानतळातला दुकानवाला नुसतं भाडं देत नाही, विक्रीतला हिस्सा देतो, आणि विक्री झाली नाही तरी ठरलेली किमान रक्कम द्यावीच लागते. वरून त्याच्या नोकरांचे पास, माल आत नेताना तपासणी, रात्रभराची पाळी. बरं, विमानतळाला दुकानांतून जी कमाई होते त्यातला तीस टक्के भाग विमानांच्या शुल्काचा हिशेब करताना धरायचा असं २०१६ च्या विमान धोरणात आहे, म्हणजे दुकानातून जास्त कमाई झाली की तिकिटातल्या विमानतळाच्या शुल्काचा बोजा तेवढा कमी व्हावा असा हिशेब. ऐकायला बरं वाटतं. पण मग असं झालं की कमी वेळ थांबणाऱ्या मुंबई-पुण्याच्या माणसाचं शुल्क आम्ही आठ तास थांबून, चहा पिऊन फेडायचं? ज्याचा मुक्काम मोठा त्याच्याच खिशातून जास्त. भाचा म्हणाला मामा तुम्ही फार ताणताय. ताणत असेन.

परदेशातला लेओव्हर कतारमधल्या दोह्याला होता, त्याचं थोडक्यात सांगतो कारण तिथं तक्रारीसारखं काही घडलं नाही. तिथं विमानतळाच्या मधोमध एक भलं मोठं पिवळं अस्वल ठेवलंय, डोक्यावर दिवा असलेलं, सगळे त्याच्यापुढं फोटो काढतात, आम्ही पण काढला. आत झाडांची बाग केलेली आहे, मोठमोठी झाडं, वर काच. ते सगळं जाऊ द्या. मला आवडली ती शांत खोली. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, पाय पसरून पडता येईल अशा लांब खुर्च्या, दिवे मंद, आणि दारावर कार्ड विचारणारा कोणी नाही. ही दोन तास घोरली तिथं. खाणं तिथंही महागच होतं पण आमच्या दशम्या होत्या ना.

न्यूयॉर्कला गेल्यावर जावयानं एक गोष्ट सांगितली ती मला लई आवडली. २०२१ साली लाग्वार्डिया विमानतळावर, त्याच, जिथं पहिला क्लब निघाला, तिथं बिअरची किंमत सत्तावीस डॉलर लावलेली कोणीतरी बघितली आणि मेन्यूचा फोटो काढून टाकला नेटवर. बोंब झाली. त्या भागातली विमानतळं पोर्ट अथॉरिटी म्हणून सरकारी संस्थेकडं आहेत, त्यांनी चौकशी लावली आणि २०२२ मध्ये नियम पक्का केला की गावात जी किंमत असेल तिच्यावर जास्तीत जास्त दहा टक्के, त्याच्या वर नाही. पोर्टलंड नावाचं एक शहर आहे तिकडं तर विमानतळावर गावातलीच किंमत घ्यायची असा नियम आहे, एक पैसा जास्त नाही. हे अमेरिकेत, जिथं सगळा बाजार मोकळा म्हणतात. मग आपल्याकडं का नको? दुकानदार म्हणून सांगतो, दहा काय वीस टक्के जास्त घ्या, आम्ही पण पंढरीच्या वाटेवर दुकान लावलं तर दोन रुपये जास्त घेतोच. पण दहाचा चहा दोनशेला, हा कोणत्या गणितात बसतो?

आपल्याकडं अगदीच काही झालं नाही असं नाही. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात राज्यसभेत विमानतळावरच्या महाग खाण्याचा विषय निघाला होता आणि त्याच डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू झाला. चहा १० रुपये, पाण्याची बाटली १०, समोसा २०, कॉफी २०. पुढं फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला झाला. लोकांनी रांगा लावल्या. म्हणजे परवडतं, जमतं, हे तर सिद्ध झालं. आता माझी मागणी फक्त एवढी की हा काऊंटर एक नसावा आणि दाखवण्यापुरता नसावा. मोठ्या विमानतळाच्या प्रत्येक टर्मिनलला हवा. सिक्युरिटीच्या आत पण आणि जिथं आम्ही खांबाला टेकून बसलो होतो तिथं बाहेर पण. आणि रात्री दोनला उघडा हवा, कारण परदेशाची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि बाहेरगावचा माणूस तेव्हाच तिथं बसलेला असतो. नुसता समोसा नको, शुगरवाल्याला खाता येईल असं काहीतरी, उपमा, इडली, वरणभात. आपल्या चिकलठाण्याच्या आणि नांदेडच्या विमानतळावरही दर असेच असावेत, तिथं तर मुक्काम तासा-दोन तासांचा आणि माल अर्ध्या तासात गावातून आणता येतो.

कोणी म्हणेल विमानानं जाणाऱ्याला सवलत कशाला, त्याच्याकडं पैसे असतात. ही जुनी समजूत आहे. त्या हॉलात बसलेल्या माणसांत निम्मे तरी आखातात मजुरीला जाणारे होते, एकसारख्या पिशव्या हातात, चपला काढून पाय वर घेऊन बसलेले, आणि त्यांच्यातला एकही जण चहाच्या दुकानाकडं फिरकला नाही. तिकीट ठेकेदाराचं, खिसा रिकामा.

रेल्वेला जमतं हो. २०२३ पासून जनरल डब्याजवळ वीस रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं मिळतं. आणि आपल्या नांदेडच्या सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. वाटेत स्टेशनांवर लंगर घेऊन सेवेकरी उभे असतात, गाडी थांबली की बादल्या घेऊन पळतात, कढी, भात, भाजी, पोळी, आणि प्रवासी घरूनच ताटवाटी घेऊन निघालेले असतात. फुकट. कोणतं कार्ड आहे विचारत नाहीत. विमानतळाला लंगर लावा असं मी म्हणत नाही, पण आपल्या भागात वाटसरूला विचारून मग जेवू घालायची रीत नाही, आधी ताट पुढं करतात मग गाव विचारतात.

येतानाचं एक सांगायचं राहिलं, ते वाचकांच्या कामाचं आहे. परतीला आमचं चिकलठाण्याचं विमान उशिरा होतं, आधी एक तास म्हणाले, मग दोन, मग साडेतीन. विमान कंपनीच्या काऊंटरवर मी विचारलं खायला काही देणार का, तर मुलगी म्हणाली सर आमच्याकडे तशी काही सोय नाही. जावयानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याचा नियम आहे, अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि तुम्ही वेळेवर हजर असाल तर दोन तास किंवा जास्त उशिराला कंपनीनं खाणंपिणं द्यायचं असतं. त्याहून लांबच्या प्रवासाला तीन तास, चार तास अशी मर्यादा वाढत जाते. उशीर चोवीस तासांच्या वर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधलं विमान सहा तासांच्या वर लांबलं, तर हॉटेलसुद्धा. मी मोठ्या आवाजात एवढंच म्हटलं, "डीजीसीए का रूल है ना मॅडम?" मराठी माणसाच्या हिंदीत. दहा मिनिटांत सगळ्यांना एकेक सँडविच आणि ज्यूसचा डबा आला. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला काका तुमच्यामुळं मिळालं. मी म्हटलं माझ्यामुळं नाही, नियमामुळं, पण तो नियम त्यांच्या काऊंटरवर मराठीत लावलेला असता तर मला ओरडावं लागलं नसतं. हे पण लिहा साहेब, पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात, पाण्याच्या नळाची पण आणि ह्या नियमाची पण. सँडविच गार होतं ते सोडा.

पुढच्या वर्षी परत जायचंय, लेकीनं आत्ताच सांगून ठेवलंय. पोरगा म्हणतो बाबा कार्डावर दुकानाचा माल घ्या, खर्चाची अट पुरी होते, लाउंज मिळेल. म्हणजे तीन इडल्यांसाठी मी ठोक व्यापाऱ्याला कार्डानं पैसे देऊ, आणि तो वरचे दोन टक्के माझ्या बिलात लावील. हिशेब करून बघितला, इडली विकत घेतलेली स्वस्त पडते.

आपला एक जुना वाचक,
परभणी

ता. क.: लेकीकडं जाणाऱ्या आयाबायांसाठी. सुकं खोबरं विमानाच्या सामानात देऊ नका. त्यात तेल असतं, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात ते धरतात. हिनं येसरासोबत खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या होत्या, चांगल्या किलोभर, चिकलठाण्याला काऊंटरवरच बाहेर काढाव्या लागल्या. ज्या गाडीनं आलो तो ड्रायव्हर पोरगा अजून गेला नव्हता म्हणून बरं, त्याला देऊन टाकल्या. येसर तेवढा न्यू जर्सीला पोचला.